पाणी पुन्हा पुन्हा दुधाळ का होतं?

प्रश्न असा आहे: दोन फुटी नवीन फिश टँक घेतला. त्यात सहा गोल्डफिश, टॉप फिल्टर आणि रंगीत खडे. तिसऱ्या दिवशी पाणी पातळ ताकासारखं झालं. सगळं पाणी काढलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला, टँक पुन्हा भरला. दोन दिवसांत परत तेच. दुकानदार निळं औषध टाका म्हणतो, घरातले मोठे तुरटी फिरवायला सांगतात. नक्की काय करायचं?

आज काहीही धुऊ नका, हे पहिलं. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. हवेचा पंप आणि फिल्टर दिवसरात्र चालू. उद्यापासून रोज साधारण पाव टँक पाणी बदला, तेवढंच. तुरटी नको, निळं औषध तर अजिबात नको. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत पाणी आपोआप निवळतं. हे वाचून समाधान होणार नाही, ठाऊक आहे. घरोघरी टँक लावून देणं आणि सांभाळणं हा माझा धंदा आहे, आणि गढूळ पाणी दिसलं की माणसाचा हात बादलीकडे जातोच हे मी रोज बघतो. म्हणून हा हात का आवरायचा, ते नीट सांगतो.

आधी एक साधी तपासणी. काचेचा स्वच्छ ग्लास टँकच्या पाण्याने भरा आणि मागे पांढरा कागद धरून उजेडात बघा. पांढुरकं आहे, हिरवट आहे की चहासारखी पिवळी झाक आहे? मग तोच ग्लास रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला गाळ बसून वरचं पाणी नितळ झालं असेल, तर ती खड्यांची किंवा मातीची धूळ. काहीच खाली बसलं नाही आणि पाणी होतं तसंच पांढुरकं राहिलं, तर ते जिवाणू. हिरवं असेल तर शेवाळ. या एका ग्लासात निम्मं निदान होतं आणि खर्च शून्य. दुकानात जाऊन बाटल्या घेण्याआधी हे करायला लोक का कंटाळतात, कळत नाही.

तुमच्या वर्णनावरून तुमचं पाणी जिवाणूंनी पांढरं झालंय. तिसऱ्या दिवशी सुरू होणं, धुऊनही दोन दिवसांत परत येणं, ही त्याचीच लक्षणं. पाण्यात विरघळलेली घाण, म्हणजे न खाल्लेल्या दाण्यांचा अर्क, माशांची विष्ठा, त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव, हे सगळं खाऊन जगणारे जिवाणू सगळीकडे असतात. नव्या टँकमध्ये त्यांना खाणं भरपूर मिळतं आणि वाटेकरी कोणी नसतो. ते पाण्यातच मोकळे तरंगत वाढतात आणि त्यांच्या गर्दीमुळे पाणी पांढरं दिसतं. स्वतः ते माशांना सहसा त्रास देत नाहीत. मात्र ते प्राणवायू खातात.

आता तुमच्या धुण्याचा हिशोब करू. हे जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाभरात किंवा त्याहूनही लवकर दुप्पट होतात. समजा, तुम्ही इतकं कसोशीने धुतलं की शंभरातला एकच जिवाणू उरला. एकाचे दोन, दोनाचे चार, असं सात वेळा झालं की एकशे अठ्ठावीस होतात, म्हणजे होते त्याहून जास्त. तासाला एकदा दुप्पट धरलं तर हे सात तासांचं काम. अर्धं पाणी बदललं तर एकदाच दुप्पट व्हायचं असतं. जिवाणूंची संख्या किती होणार हे तुम्ही किती उपसलं यावर ठरत नाही, त्यांना खायला किती मिळतं यावर ठरतं. सगळं पाणी बदलून सहा मासे तिथेच आणि दाण्यांचा डबाही तोच राहिला, तर पाणी परत पांढरंच होणार.

पण खरं नुकसान पाणी फेकल्याने झालं नाही, ते खडे आणि स्पंज नळाखाली धुतल्याने झालं. टँकमध्ये जिवाणूंची दुसरी एक जमात हवी असते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. तो विषारी. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारी. पुढचा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे माशांना बऱ्याच प्रमाणात चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे उपयोगी जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजाच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. आणि ते फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना जवळजवळ अख्खा दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. तासातासाला दुप्पट होणारे आणि दिवसाला दुप्पट होणारे अशा दोघांनाही तुम्ही एकदम शून्यावर आणलंत, तर पुढे कोण जाणार हे उघड आहे. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरलेला असावा लागतो, आणि पावसाळ्यात पालिका मात्रा वाढवतात. क्लोरिनचं कामच जिवाणू मारणं. स्पंज त्याखाली धरला की तो काळ्या घाणीबरोबर तुमची तोवरची कमाईही धुऊन नेतो.

या उपयोगी जिवाणूंचं बस्तान बसायला नव्या टँकमध्ये साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी पांढरं असतं तो त्यातला फक्त पहिला टप्पा. हा मुद्दा मी गिऱ्हाइकांना दोनदा सांगतो, म्हणून इथेही सांगतो: पाणी निवळलं म्हणजे ते सुरक्षित झालं असं नाही. कित्येकदा दहाव्या-बाराव्या दिवशी पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, घरचे खूश होऊन अजून चार मासे आणतात, आणि तिसऱ्या आठवड्यात एकेक मासा तरंगायला लागतो. त्या वेळी नायट्राइट सगळ्यात वर असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून महिनाभर तरी थेंब टाकून रंग बघायचा अमोनिया आणि नायट्राइटचा टेस्ट किट जवळ ठेवा. एका माशाच्या औषधावर उडणाऱ्या पैशांत तो येतो. अमोनिया किंवा नायट्राइट 0.5 पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या) वर दिसलं की पाव ते अर्धं पाणी बदला, दोन्ही शून्य आली की काळजी संपली.

तुमच्या भागात पाणी बोअरचं असेल तर आणखी एक गोष्ट. अमोनिया किती विषारी ठरतो हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर, अवलंबून असतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड आणि पीएच चढा असलेलं असतं. त्यामुळे टेस्ट किटवर दोन घरांतल्या पाण्याचा रंग सारखाच दिसला तरी एकाकडचे मासे निवांत आणि दुसऱ्याकडचे धापा टाकत असतात.

आता खाण्याकडे येऊ, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. गोल्डफिशच्या दाण्यांत 40 टक्के प्रथिनं धरली, तर 1 ग्रॅम दाण्यांत 400 मिलिग्रॅम प्रथिनं होतात. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे 64 मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या वाटेने पाण्यात उतरला, तर 32 मिलिग्रॅम झाले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ भरला तर 56 लिटरच्या आसपास पाणी मावतं, पण खडे, सजावट आणि वरची मोकळी जागा वजा करता हातात 45 लिटर येतं. तेवढ्यात 32 मिलिग्रॅम वाटले की लिटरमागे 0.7. एका ग्रॅमने हे होतं! चहाच्या चमच्यात दोन-तीन ग्रॅम दाणे सहज मावतात, आणि घरात सकाळी आजोबा एक चमचा, दुपारी शाळेतून आलेलं पोर एक चमचा, रात्री बाबा एक चमचा असं चालू असतं. गोल्डफिश कधीच नको म्हणत नाही. माणूस काचेजवळ आला की तोंड वर करून येतो, त्याला भूक समजू नका, ती त्याची सवय आहे.

दोन दिवसांच्या उपासानंतर दिवसातून एकदाच, आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. सहा छोट्या गोल्डफिशना पहिले तीन-चार आठवडे चिमूटभरही जास्त होतं. उरलेले दाणे तळाशी दिसले तर लगेच काढा. डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्या. एवढं केलं तरी निम्म्या घरांतलं पांढरं पाणी थांबतं.

माशांच्या संख्येबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. 45 लिटर पाण्यात सहा गोल्डफिश जास्त आहेत. दुकानात ते दीड इंचाचे असतात म्हणून मावतात असं वाटतं, पण फॅन्सी जातीचेही तळहाताएवढे होतात आणि लांबट साधा गोल्डफिश एक फुटापर्यंत जातो. शिवाय गोल्डफिश हा कार्पचा भाऊबंद आहे, खूप खातो आणि तितकीच घाण करतो. दोन फुटी टँकला फॅन्सी गोल्डफिशची एक जोडी, तीही लहान असेपर्यंत. मी तर नव्या माणसाला पहिल्या टँकमध्ये गोल्डफिश ठेवूच नका म्हणतो, गप्पी किंवा मोली ठेवा, ते नव्या टँकचे हाल सहन करतात. पण आता आणलेत तर चार परत करता येतील का ते दुकानदाराला विचारा. बरेच दुकानदार घेतात, पैसे मात्र देत नाहीत.

रोजचं पाव पाणी कसं बदलायचं: सायफनची नळी खड्यांत खुपसून तळातली घाण ओढत दहा-अकरा लिटर काढा. तेवढंच पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं असावं, म्हणजे क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन चालतं. हायपो म्हणून पांढरे खडे मिळतात तेही तेच, सोडियम थायोसल्फेट. नव्या पाण्याचं तापमान हाताला टँकसारखं लागलं पाहिजे. मग तांब्याने हळूहळू घाला. एवढंच. सजावटीचा किल्ला, प्लॅस्टिकची झाडं काढून साबणाने धुण्याचा मोह टाळा. साबण तर टँकच्या आसपासही नको.

फिल्टरचा स्पंज अगदीच तुंबून पाण्याची धार मंदावली, तर सायफनने काढलेल्या टँकच्याच पाण्यात बादलीत दोनदा पिळा आणि परत लावा. तो काळपट राहिला तर राहू द्या. पांढराशुभ्र स्पंज हे नव्या फिल्टरचं लक्षण आहे, चांगल्या फिल्टरचं नव्हे.

कोणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. यापेक्षा लवकर काम करणारी गोष्ट बाजारात नाही. ओल्या अवस्थेतच आणा आणि दोन-तीन तासांत लावा. दुकानाच्या टँकमधून घेताना मात्र आजारही सोबत येऊ शकतात, तिथले मासे आधी बघून घ्या. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइट खाणारे मुख्य जिवाणू नायट्रोस्पिरा जातीचे असतात. त्याआधी सगळं श्रेय नायट्रोबॅक्टरला जायचं आणि बाटल्यांतही तेच भरलेले असायचे. आता चांगल्या बाटल्या मिळतात, पण एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या फडताळात तापत पडलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल, हे घेणाऱ्याने ठरवावं.

तुरटीचं काय? आपल्याकडे विहिरीचं गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळवायची रीत जुनी आहे आणि ती बरोबरही आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. जलशुद्धीकरण केंद्रातही हेच तत्त्व वापरतात. पण टँकमध्ये मासे असताना नाही. तुरटी पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खाते. पाणी मऊ असेल तर पीएच एकदम खाली येतो आणि अशा आम्ल पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. आणि मुळात तुमच्या टँकमध्ये माती नाहीच. जिवाणूंचा एक थर खाली बसवलात तरी खाणं शिल्लक असेपर्यंत दुसरा तयार होतो. दुकानातले पाणी स्वच्छ करणारे द्रवही कण चिकटवण्याचंच काम करतात, धुळीवर ते चालतात, जिवाणूंवर एक-दोन दिवस फरक दिसतो आणि परत पहिले पाढे पंचावन्न. जुलैमध्ये नळालाच लाल-मातकट पाणी आलं आणि बदलायला दुसरं पाणी नसेल, तर वेगळ्या ड्रममध्ये तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, वरचं नितळ पाणी घ्या.

निळं औषध म्हणजे बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर, अंड्यांच्या जपणुकीला वेगळ्या भांड्यात उपयोगी आहे. मुख्य टँकमध्ये टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं, म्हणजे तुमचा चार आठवड्यांचा प्रवास पुन्हा पहिल्या दिवसापासून. वर सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात. पाणी निळं झाल्यामुळे पांढरेपणा दिसत नाही, कदाचित म्हणूनच ते 'लागू पडतं'. हळद टाकणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, पाण्याचा रंग बघूनच कळतं.

या आठ-दहा दिवसांत जीव जाण्याचा खरा धोका प्राणवायूचा आहे, आणि तो उन्हाळ्यात वाढतो. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, 30 अंशाला साडेसात. नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये खोलीतला टँक 32-33 अंशांवर जातो, तिथे मुळात प्राणवायू कमी, वर लाखो जिवाणू तोच खाणार, आणि गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, कल्ले भराभर हलताना दिसले, तर हवेचा पंप पूर्ण जोराने सोडा, फिल्टरची धार वरून पडू द्या, झाकण उघडा, पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर मारा आणि लगेच तीस टक्के पाणी बदला. पहाटे हे जास्त होतं. भारनियमन असलेल्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवा, तो टँकमधल्या कुठल्याही औषधापेक्षा कामाचा आहे.

नायट्राइट चढलं असेल तर लिटरमागे 1 ग्रॅम साधं मीठ विरघळवून घालता येतं, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोल्डफिशला हे सोसतं. मांगूर जातीचे मिशाळ मासे किंवा नाजूक पाणवनस्पती असतील तर नको.

जुना, महिनोन्‌महिने नीट चाललेला टँक अचानक पांढरा झाला तर विचार वेगळा करायचा. तिथे जिवाणूंचं बस्तान बसलेलं असतं, म्हणजे काहीतरी एकदम जास्त झालंय किंवा काहीतरी मेलंय. पहिल्यांदा मासे मोजा. किल्ल्याच्या मागे, फिल्टरखाली, लाकडाच्या पोकळीत मेलेला मासा किंवा गोगलगाय सापडते. मग विचारा, गेल्या आठवड्यात फिल्टर कोणी धुतला? कोणी औषध टाकलं? वीज किती वेळ गेली होती? बंद डब्याचा फिल्टर सहा-आठ तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं आणि वीज आल्यावर ते सगळं टँकमध्ये येतं. अशा वेळी फिल्टर सुरू करण्याआधी त्यातलं पाणी फेकून द्या.

आणि आणखी एक संशयित, शेजारी. गणपतीला किंवा मेच्या सुट्टीत गावाला जाताना लोक दाण्यांचा डबा शेजाऱ्यांकडे देतात. शेजारी प्रेमाने घालतात, भरपूर घालतात, आणि परत आल्यावर टँक पांढरा नाहीतर रिकामा असतो. धडधाकट मोठे मासे आठवडाभर काही न खाता आरामात राहतात, त्यामुळे आठवड्यापर्यंत कोणाला सांगूच नका. त्याहून जास्त दिवस असतील तर एका वेळच्या दाण्यांच्या पुड्या बांधून द्या, एक दिवसाआड एक पुडी, आणि डबा कुलपात.

जिवंत ट्युबिफेक्स अळ्या घालणाऱ्यांसाठी एक ओळ: त्या सांडपाण्यातच वाढतात, चार-पाच वेळा धुऊन घातल्या नाहीत तर पाणी गढूळ होणार आणि आजारही येणार.

हिरव्या पाण्याची गोष्ट निराळी. ते एकपेशीय शेवाळ, आणि त्याला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. टँक खिडकीत किंवा गॅलरीत असेल, दिवा सकाळी लावून रात्री झोपताना बंद करत असाल, तर पहिला इलाज तिथेच. दिवा टायमरवर सहा-सात तास, थेट ऊन नाही. खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, ते जास्त खाण्यातून आणि कमी पाणी बदलण्यातून साठतं. शेतीच्या पट्ट्यात आणखी एक भानगड असते, बोअरच्या पाण्यातच नायट्रेट बरंच असतं. तिथे तुम्ही पाणी बदलता म्हणजे खत घालता. अशा ठिकाणी निम्मं आरओचं पाणी मिसळून बदला. नुसतं आरओचं नको, त्यात क्षारच नसल्यामुळे पीएच कोसळतो.

पाणी हिरवंगार झालंच असेल तर टँकवर जाड चादर टाकून चार दिवस पूर्ण अंधार करा, हवा चालू, खाणं बंद. पाचव्या दिवशी अर्धं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया सोडतं. यूव्हीचा दिवा असलेला फिल्टर हे काम खात्रीने करतो, आणि पांढऱ्या पाण्यावरही चालतो, कारण तो त्याच्यातून जाणारे तरंगते जीव मारतो, स्पंजाला चिकटलेल्यांना हात लावत नाही. पण खत तसंच राहिलं तर दिवा बंद केल्यावर पाणी परत हिरवं. खरं सांगायचं तर हिरवं पाणी माशांना अपायकारक नाही, पिल्लं त्यात छान वाढतात आणि मासे पैदास करणारे लोक मुद्दाम हिरव्या पाण्याचे ड्रम ठेवतात. त्रास फक्त बघणाऱ्याला.

पिवळं-तपकिरी पाणी नव्या लाकडातून येतं. लाकूड आठवडाभर भिजवून, पाणी बदलत राहिलात की कमी होतं. सक्रिय कोळसा तो रंग ओढून घेतो. कोळशाने पांढरं पाणी मात्र निवळत नाही. बऱ्याच जणांना कोळसा विकला जातो तो याच गैरसमजावर. खड्यांची धूळ असेल तर फिल्टरमध्ये पॉलिएस्टरचा पांढरा कापूस ठेवा, उशीत भरतात तो, दोन दिवसांत धूळ अडकते, मग फेकून द्या. पुढच्या वेळी टँकमध्ये टाकण्याआधी खडे बादलीत वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आणि बोअरचं पाणी हवा सोडल्यावर काही तासांत हलकं पांढुरकं होऊन काचेवर पांढरा थर सोडत असेल, तर तो चुना आहे. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर त्या थरावर बुडबुडे येतात. माशांना त्रास नाही, खड्यांत शंख-शिंपले किंवा संगमरवराचे तुकडे असतील तर ते काढा, त्याने पाणी अजून जड होतं.

एक शेवटची गोष्ट तुमच्या दुकानदाराच्या पुढच्या सल्ल्याबद्दल, कारण तो येणारच. टँक साफ ठेवायला 'सकर' घ्या म्हणतील. काचेला चिकटून बसणारा तो काळा मासा शेवाळ थोडं खातो, पाणी स्वच्छ करत नाही, उलट दिवसभर विष्ठा सोडतो आणि एक फुटाच्या वर वाढतो. मोठा झाल्यावर लोक तो तळ्यात नेऊन सोडतात, आणि देशभर कितीतरी तळ्या-धरणांत तो पसरून मच्छीमारांची जाळी फाडतोय. तो घेऊ नका. टँकमध्ये जिवंत काही वाढवायचंच असेल तर मनी प्लांटची फांदी टँकच्या काठावर अडकवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. मुळं सुटायला दोन-तीन आठवडे लागतात, पण मग ती नायट्रेट ओढत राहतात. गोल्डफिश मुळं कुरतडतात, म्हणून भोवती जाळीचा छोटा पेला लावा.